गृहीत धरलेल्याचं गृहीतक

‘माथेमाटिशे आनालेन’ या जर्मन नियतकालिकाने १९०४ साली अर्न्स्ट झर्मेलोचा एक लेख छापला. लांबी तीन पानं. मुळात ते डेव्हिड हिल्बर्टला लिहिलेलं पत्र होतं. त्या तीन पानांवरून पुढची काही वर्षं युरोपातले नामवंत गणिती एकमेकांशी भांडत होते. भांडणाचं मुख्य कारण आकडेमोडीतली चूक हे नव्हतं. झर्मेलोने एक गोष्ट उघडपणे ‘मी हे मानतो आहे’ असं सांगून मानली होती, आणि ते सांगणंच अनेकांना खटकलं होतं.

संच सिद्धांताच्या लोकप्रिय इतिहासात झर्मेलोला एक ठरलेली भूमिका मिळते. गेऑर्ग कँटरने अनंत संचांचं घर बांधलं, बर्ट्रंड रसेलने त्याच्या भिंतीतली भेग दाखवली, आणि झर्मेलोने सात गृहीतकांचा टेकू देऊन ते पडू दिलं नाही. गोष्ट सुटसुटीत आहे, म्हणून टिकूनही आहे. पण त्याचे १९०४, १९०८ आणि १९३०चे लेख ओळीने वाचले (मी ते इंग्रजी भाषांतरांतून वाचले आहेत), की ही भूमिका त्याला बसत नाही असं मला वाटतं. झर्मेलो मला गवंड्यापेक्षा समीक्षक वाटतो. इतरांच्या सिद्धता तो बारकाईने वाचतो, त्यांच्याही नकळत त्यांनी काय वापरलं आहे ते शोधतो, आणि ते नाव देऊन चारचौघांत मांडतो.

हे सांगायला मराठीत एक सोय आहे. घरात आपण म्हणतो, ‘मला गृहीत धरू नकोस.’ तक्रार अशी असते, की माझ्यावाचून तुझं चालत नाही, पण माझं नाव मात्र कुठे घेतलं जात नाही. भूमितीच्या पुस्तकातलं ‘गृहीतक’ हे त्याच शब्दाचं भावंड. वृत्तीने अगदी उलटं. ते नाव घेऊन, क्रमांक देऊन, सगळ्यांसमोर मांडलेलं असतं. ज्याला पटत नाही त्याला तिथेच थांबता येतं. झर्मेलोने गृहीत धरलेल्याचं गृहीतक केलं. त्याचं मोठेपण त्यात आहे, आणि त्याच्या उणिवाही याच मापाने मोजायला हव्यात.

रांगेचा प्रश्न

कँटरने १८८३ मध्ये असं म्हटलं होतं, की कोणत्याही संचाची एक विशिष्ट प्रकारची रांग लावता येते. त्या रांगेची अट साधी आहे: रांगेतला कोणताही गट घ्या, त्या गटाला पहिला घटक असलाच पाहिजे. १, २, ३ ही रांग अशी आहे. ऋण पूर्णांक धरून सगळे पूर्णांक लहान-मोठ्या क्रमाने मांडले तर ती तशी राहत नाही, कारण सगळ्यात लहान असा पूर्णांकच नाही. पण ०, १, -१, २, -२ अशी फेरमांडणी केली की अट पुन्हा पाळली जाते. वास्तव संख्यांचं काय? लहान-मोठ्या क्रमाने तर जमत नाही: शून्याहून मोठ्या संख्यांमध्ये पहिली कोणती, याला उत्तरच नाही. मग दुसरी कोणती फेरमांडणी? कँटरला ती सांगता आली नाही. तरी असा क्रम लावता येणं हा विचाराचाच एक नियम आहे असं त्याने लिहून टाकलं. १९०० साली हिल्बर्टने आपल्या प्रसिद्ध यादीतल्या पहिल्याच प्रश्नाबरोबर याचीही सिद्धता मागितली.

ऑगस्ट १९०४ मध्ये हायडेलबर्गला भरलेल्या आंतरराष्ट्रीय गणित परिषदेत हंगेरीच्या ज्यूला कोनिगने, वास्तव संख्यांची अशी रांग लागूच शकत नाही, असं सिद्ध केल्याचा दावा केला. एकोणसाठ वर्षांचा कँटर श्रोत्यांत बसला होता. कोनिगच्या सिद्धतेतली फट लवकरच उघडकीला आली. फेलिक्स बर्नस्टाइनचा एक निष्कर्ष जिथे लागू पडत नाही तिथे त्याने तो वापरला होता. पण फट सापडल्याने कँटरचं म्हणणं खरं ठरत नव्हतं. ते झर्मेलोने सप्टेंबर संपायच्या आत सिद्ध केलं.

ती युक्ती समजायला घरटी एक माणूस बोलावण्याचा रिवाज आठवावा. गावाने ठरवलं, की श्रमदानाला घरटी एक जण यावा. दोनशे घरं असली तर दोनशे वेळा कुणाकडे तरी बोट दाखवलं की झालं. घरं अनंत असली तर? ‘प्रत्येक घरातला वयाने सगळ्यात मोठा’ असा नियम असेल तरी चालेल. नियमच निवड करून टाकतो. पण घरं अनंत आहेत आणि माणसांत फरक करणारा कोणताही नियम हाताशी नाही, तेव्हा ‘घरटी एक’ हा जमाव अस्तित्वात आहे असं म्हणायचं की नाही? रसेलने पुढे हाच पेच बूट आणि मोज्यांच्या अनंत जोड्यांवरून समजावला. बुटांत ‘डावा’ म्हणता येतं. मोज्यांत काय म्हणणार?

झर्मेलोने मानलं, की तो जमाव आहे. दिलेल्या संचाच्या प्रत्येक अरिक्त उपसंचातून एकेक घटक निवडून ठेवला आहे असं समजा, एवढंच त्याचं मागणं. ही निवड एकदा आधीच झालेली. नंतर पुन्हा काही निवडायचं नाही. मग रांग आपोआप लागते: पूर्ण संचासाठी निवडलेला घटक पहिला, तो वगळून उरलेल्यासाठी निवडलेला दुसरा, आणि असंच पुढे. हे ‘पुढे’ अनंताच्या पलीकडे कसं जाणार, हा खरा अडथळा होता. झर्मेलो पावलं मोजतच नाही. याच निवडीला धरून लागलेल्या सगळ्या अर्ध्यामुर्ध्या रांगा तो एकत्र घेतो आणि दाखवतो, की त्यांतल्या कोणत्याही दोन रांगांपैकी एक ही दुसरीचा सुरुवातीचा तुकडा असते. म्हणून त्या सगळ्या एकमेकींत बसतात आणि त्यांची मिळून एकच मोठी रांग होते. तिच्याबाहेर एखादा घटक उरला, तर ती आणखी एका घटकाने वाढवता आली असती. म्हणजे ती सगळ्यात मोठी नव्हती, हे अशक्य. सिद्धता संपली. निवडीची कल्पना आपल्याला एऱ्हार्ट श्मिटबरोबरच्या संभाषणातून सुचली, हेही तो सांगून टाकतो.

आरोपींच्या वह्या

आक्षेप लगेच आले. १९०५ मध्ये एमिल बोरेल, रने बेर, आंरी लबेग आणि जाक आदामार यांची पाच पत्रं फ्रेंच गणित संस्थेच्या नियतकालिकात छापली गेली. आदामार झर्मेलोच्या बाजूने, बाकीचे तिघं कमी-अधिक विरोधात. लबेगचा प्रश्न नेमका होता: एखादी वस्तू नेमकी कोणती हे सांगता येत नसताना ती आहे असं सिद्ध केलं, असं म्हणता येतं का? तिकडे इटलीत ज्युझेप्पे पेआनोचं म्हणणं असं, की हे तत्त्व माझ्या मान्य तत्त्वांमधून निघत नाही, म्हणून ती सिद्धता नव्हे. आंरी प्वांकारेला सगळ्या रांगा एकत्र करण्याच्या पायरीत वर्तुळाकार व्याख्येचा दोष दिसला.

१९०८च्या पहिल्या लेखात झर्मेलोने त्याच प्रमेयाची नवी सिद्धता दिली आणि उरलेल्या बहुतेक लेखात या सगळ्यांना उत्तरं दिली. मला तो त्याचा सर्वांत वाचनीय मजकूर वाटतो. पेआनोला तो विचारतो, की तुमची मान्य तत्त्वं तुम्हाला मिळाली कुठून? गणिती मंडळी कशी अनुमानं काढतात ते पाहून, त्यांतली पटणारी आणि लागणारी तत्त्वं वेचूनच ना? मग त्याच रीतीने मी आणखी एक वेचलं तर ते कमी प्रतीचं का? प्वांकारेला त्याचं उत्तर असं, की तुमचा आक्षेप मान्य केला तर बीजगणिताच्या मूलभूत प्रमेयाची नेहमीची सिद्धताही टाकावी लागेल. तिथेही किमान मूल्य हे ज्या संचातलं आहे त्याच संचाच्या आधाराने ठरवलं जातं.

आणि मग तो यादी देतो. मोजता येण्याजोग्या अनंत संचांचा तेवढाच अनंत गट एकत्र केला तरी मोजता येण्याजोगाच राहतो, हे नेहमीचं विधान. डेडेकिंडची अनंत संचांची ओळख. १९०५ मध्ये हामेलने दाखवलेली बेरीज सांभाळणारी पण तुटक फलनं. हे सगळं निवडीच्या तत्त्वावर उभं आहे, आणि बहुतेकांनी ते न सांगता वापरलेलं आहे. यात विरोधकही आले. लबेगच्या माप-सिद्धांतातच प्रत्येक संचाला एक आच्छादन निवडून मग अनंत आच्छादनं एकत्र घेतली जातात. ‘घरटी एक’ तिथेही चालू होतं. फक्त हजेरीपट नव्हता. ही फिर्याद झर्मेलो फिर्यादींच्याच वह्या उघडून निकालात काढतो.

ही त्याची जुनी सवय होती. १८९६ मध्ये, पंचविशीत, मॅक्स प्लांकचा साहाय्यक असताना त्याने लुडविग बोल्ट्झमनला असंच पकडलं होतं. यांत्रिकीच्या नियमांनी चालणारी बंदिस्त व्यवस्था कधी ना कधी सुरुवातीच्या स्थितीच्या अगदी जवळ परत येते, हे प्वांकारेचं प्रमेय. मग केवळ यांत्रिकीतून ‘एकाच दिशेने चालणारा बदल’ कसा निघेल? तुम्ही मध्ये काहीतरी न सांगता घातलं आहे, असा त्याचा रोख होता. दुसऱ्याच्या युक्तिवादातला अनामिक मजूर शोधून काढण्याची नजर तिथे आधीच तयार झालेली दिसते.

सात गृहीतकं कशासाठी?

१९०८चा दुसरा लेख म्हणजे प्रसिद्ध सात गृहीतकांचा. पुस्तकं सांगतात, की तो रसेलच्या विरोधाभासावरचा उतारा होता. पण स्वतःला न सामावणाऱ्या सर्व संचांचा संच ही अडचण झर्मेलोला रसेलने छापण्याआधीच स्वतंत्रपणे सापडली होती, आणि त्याने तिच्यावर काही प्रसिद्ध करण्याची घाई केली नाही. उलट १९०८च्या दोन्ही लेखांच्या शेवटच्या तारखा पाहाव्यात: १४ जुलै आणि ३० जुलै १९०७. सोळा दिवसांचं अंतर. पहिल्या लेखात सिद्धतेचा बचाव, दुसऱ्यात ती सिद्धता ज्यावर उभी आहे त्या सगळ्या गोष्टींची नोंद. ग्रेगरी मूरने १९८२च्या आपल्या पुस्तकात हेच मांडलं, की गृहीतकांमागची मुख्य प्रेरणा सिद्धतेचा बचाव ही होती. दोन्ही लेख एका बैठकीत वाचणाऱ्याला ते पटायला अडचण पडू नये.

विरोधाभासाचा बंदोबस्तही त्यात होतो, पण कसा ते पाहण्यासारखं आहे. कँटरच्या पद्धतीत कोणताही गुणधर्म सांगितला की संच तयार व्हायचा. झर्मेलोच्या विभाजनाच्या गृहीतकात आधी हातात एक संच हवा. गुणधर्माने फक्त त्यातून तुकडा काढता येतो. मग रसेलचा युक्तिवाद कुठे जातो? तो नाहीसा होत नाही. झर्मेलो त्याचंच प्रमेय करतो: प्रत्येक संचाला असा एक उपसंच असतो, जो त्या संचाचा घटक नसतो. म्हणून सर्व गोष्टींचा एक संच असूच शकत नाही. ज्या वाक्याने घर हादरलं तेच वाक्य घराच्या नियमावलीत बसवलं गेलं.

झर्मेलोला झर्मेलोचं माप

आता हेच माप त्याला लावू. विभाजनाच्या गृहीतकात कोणताही गुणधर्म चालत नाही. तो ‘निश्चित’ असावा लागतो. निश्चित म्हणजे काय? झर्मेलोचं उत्तर साधारण असं, की तो लागू पडतो की नाही हे मूळ संबंध, गृहीतकं आणि तर्कशास्त्राचे सर्वमान्य नियम ठरवतात. कोणते नियम? कुणाला मान्य? इथे तो गप्प आहे. दुसऱ्यांच्या वहीत अनामिक मजूर शोधणाऱ्याच्या स्वतःच्या यादीत, तिसऱ्याच क्रमांकावर, तर्कशास्त्र गृहीत धरलेलं आहे.

ही उणीव १९२२ मध्ये थोराल्फ स्कोलेमने आणि अब्राहम फ्रँकेलने आपापल्या पद्धतीने भरून काढली. दोघांनी आणखी एक गळती दाखवली: एक अनंत संच, त्याचा घातसंच, त्याचा घातसंच या सगळ्यांना एकत्र करणारा संच सात गृहीतकांतून मिळत नाही, त्यासाठी बदलाचं नवं गृहीतक हवं. स्कोलेमने ‘निश्चित’ची व्याख्या एका मर्यादित तर्कभाषेत केली, आणि त्याचा परिणाम धक्कादायक निघाला. त्या भाषेत लिहिलेली गृहीतकं सुसंगत असतील, तर ती पाळणारं एक असंही जग असतं, की जे बाहेरून पाहिलं तर मोजता येण्याजोगं असतं, जरी त्याच्या आत ‘मोजता न येणारे संच आहेत’ हे प्रमेय खरं ठरत असतं. झर्मेलोला हे मुळीच मानवलं नाही. त्याने पुढे या मताविरुद्ध लिहिलं, अनंत लांबीच्या वाक्यांचं तर्कशास्त्र उभं करायचा प्रयत्न केला. लोकांनी मात्र स्कोलेमची भाषा घेतली.

बचावाच्या युक्तिवादातही एक बाजू लंगडी आहे. त्याला दोन पाय आहेत: सगळे हे तत्त्व वापरतात, म्हणजे ते आपल्याला पटतं, आणि शास्त्राला त्याची गरज आहे. पहिला पाय कच्चा आहे. सवयीने पटणं आणि खरं असणं यांत अंतर असतं, आणि झर्मेलोची यादी, तत्त्व सोडलं तर काय गमवाल, हे सांगण्यासाठी आहे. ठेवलं तर आणखी काय पदरात पडेल, हे चित्र इतरांनी पुरं केलं. १९०५ मध्ये विटालीने ज्याला लांबीच देता येत नाही असा बिंदूंचा संच दाखवला. १९२४ मध्ये बानाख आणि टार्स्की यांनी एका भरीव चेंडूचे मोजके तुकडे करून, ते फक्त फिरवून-सरकवून, तेवढ्याच आकाराचे दोन चेंडू जुळवले. हे पाहिल्यावर ‘आपल्याला पटतं’ हा आधार उरत नाही.

दुसरा पाय मात्र पक्का आहे, आणि झर्मेलोची खरी देणगी मी त्यातच मानतो. गरज तपासता येते. कोणतं प्रमेय निवडीवाचून उभं राहतं आणि कोणतं कोसळतं, हा श्रद्धेचा प्रश्न नसून हिशेबाचा आहे. हार्टोग्सने १९१५ मध्ये दाखवलं, की कोणत्याही दोन संचांच्या आकारांची तुलना करता येते एवढं मानलं तरी रांगेचं प्रमेय, आणि म्हणून निवडही, मानल्यासारखी होते. सिएर्पिन्स्कीने १९१८ मध्ये विश्लेषणातल्या प्रमेयांची याच दृष्टीने छाननी केली. १९३८ मध्ये गोडेलने सिद्ध केलं, की उरलेली गृहीतकं सुसंगत असतील तर निवड जोडल्याने विसंगती येत नाही. १९६३ मध्ये पॉल कोहेनने दाखवलं, की ती त्यांच्यातून सिद्धही होत नाही. हा सगळा प्रवास शक्य झाला, कारण कुणीतरी त्या तत्त्वाला नाव दिलं होतं. निनावी गोष्टीचा हिशेब कोण ठेवणार?

सीमेवरच्या संख्या

१९३० साली, साठीकडे झुकलेला झर्मेलो पोलंडच्या ‘फुंडामेंटा मॅथेमॅटिके’त एक लेख लिहितो. तब्येतीमुळे झुरिचचं प्राध्यापकपद १९१६ मध्येच सुटलेलं, आता फ्रायबुर्गला मानद प्राध्यापक. या लेखात संचांचं जग मजल्यांसारखं चढत जातं: खालच्या मजल्यावर जे आहे त्याच्या सगळ्या उपसंचांनी वरचा मजला बनतो. काही विशिष्ट उंचीवर पोचलं, की तोवरचं बांधकाम सगळी गृहीतकं पाळतं. या उंचींना तो सीमा-संख्या म्हणतो. खालून घातसंच घेऊन किंवा लहान संख्येने संच एकत्र करून तिथे पोचता येत नाही. आणि एका जगात जे ‘संच म्हणायला फारच मोठं’ असतं, ते पुढच्या जगात साधा संच असतं. शेवटचं जग नाहीच. विरोधाभास आता मजल्यांमधल्या पायरीसारखा वापरला जातो.

त्याच लेखात एक गोष्ट मला अडवते. गृहीतकांच्या यादीत निवड नाही. झर्मेलो म्हणतो, की ती इतर गृहीतकांच्या जातीची नाही. ती सर्वसाधारण तार्किक तत्त्व म्हणून धरूनच चालायची. ज्या तत्त्वाला गृहीतकांत जागा मिळावी म्हणून हा माणूस चार वर्षं भांडला, त्याला बावीस वर्षांनी तो पुन्हा पायाखाली गाडून टाकतो. तत्त्वज्ञान म्हणून त्यात सुसंगती असेल. स्वतःच्याच रीतीशी मात्र त्याने इथे फारकत घेतली असं मला वाटतं. आजच्या ‘झेडएफसी’ या नावात त्याचा एक गमतीदार पडसाद आहे. ‘झेड’ झर्मेलोचा, ‘एफ’ फ्रँकेलचा, आणि शेवटचा ‘सी’ म्हणजे निवड. जणू निवड ही झर्मेलोच्या बाहेरून आणून जोडलेली वस्तू! पण त्या वेगळ्या अक्षराने एक काम झालं: निवड पुन्हा हजेरीपटावर आली.

लबेग आणि त्याच्या मित्रांच्या शंकेला उत्तर मिळालं का? एका अर्थी मिळालं, आणि ते झर्मेलोच्या दोन्ही कामांना जोडणारं निघालं. १९७० मध्ये रॉबर्ट सोलोवेने असं जग छापून दाखवलं, जिथे वास्तव संख्यांच्या प्रत्येक संचाला माप देता येतं. विटालीचा संच तिथे नाही. झर्मेलोची पूर्ण निवड तिथे चालत नाही. लबेगच्या सिद्धांताला न सांगता लागत होती तेवढी, एकामागून एक करायची निवड मात्र चालते. म्हणजे फ्रेंच गणितींच्या मनातलं जग हे साधारण असंच असावं. ते बांधताना सोलोवेने एक सीमा-संख्या आहे असं मानलं होतं. तेवढं मानल्याशिवाय चालेल का, असा प्रश्न बरीच वर्षं होता. १९८४ मध्ये सहारोन शेलाहने सिद्ध केलं, की चालणार नाही. झर्मेलोच्या निवडीतून सुटका हवी असेल, तर त्याच्या १९३०च्या लेखातली संख्या मानावी लागते, आणि ती मानली आहे हे नाव घेऊन सांगावं लागतं.